मराठवाड्यातून पहिल्यांदा रत्नागिरीला जाताय? मग बॅग भरायच्या आधी हे वाचा

औशाजवळून जो मोठा रोड जातो त्याला आमच्याकडं सगळे रत्नागिरी-नागपूर हायवे म्हणतात. त्यात जमिनी गेल्या, मावेजा आला, कुणी घर बांधलं कुणी ट्रॅक्टर घेतला, पण त्या रोडच्या पार दुसऱ्या टोकाला खरंच रत्नागिरी नावाचं गाव आहे आणि आपल्याला तिथं कधी जावं लागंल असं आमच्या घरात कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मग बारावीनंतर धाकट्या बहिणीचा कॅप राउंडमधे (सरकारी प्रवेश फेरीत) तिथल्या कॉलेजला नंबर लागला. घरात दोन दिवस नुसतं टेन्शन. समुद्र, पाऊस, एवढी लांब पोरगी एकटी, आणि आईचा पहिला प्रश्न, "तिथं ज्वारी मिळती का?"

तेव्हापासून माझ्या चार चकरा झाल्या. पहिल्या चकरेत जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या केल्या. आता गावातलं, पाहुण्यातलं कुणी ना कुणी फोन करतं की आमच्या लेकराचा बी नंबर लागलाय, कसं जायचं, कुठं राहायचं, काय बघायचं. दरवेळी अर्धा तास फोनवर बोलण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. ॲडमिशनला जाणाऱ्यांसाठी आहेच, पण नुसतं फिरायला किंवा लेकराला भेटायला जाणाऱ्यांनाही चालंल.

१. आधी महिना बघा, मग सुट्टी बघा

ॲडमिशनवाल्यांना चॉइस नसतो, तुम्हाला भर पावसातच जावं लागणार. आपल्याकडं वर्षात सातशे-आठशे मिलिमीटर पडला तरी बरं झालं म्हणतो, तिथं तीन हजाराच्या वर पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. छत्रीचा काही उपयोग नाही, पाऊस आडवा येतो. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा आमच्या घरी नळाच्या दिवशी सगळे जण घागरी धरून उभे असायचे. तीच माझी आई तिथं लॉजच्या गॅलरीत उभी राहून पन्हाळीतून नालीत चाललेलं पाणी बघत होती आणि मधेच म्हणाली, "बघ ना, कुणी बादली बी लावंना."

नुसतं फिरायचं असंल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. ऑक्टोबरमधे ऊन आणि घाम. एप्रिल-मे मधे आंबा असतो पण दमट उकाडा इतका की आपल्या बेचाळीस डिग्रीच्या माणसाला सुद्धा तिथल्या तेहतीस-चौतीसमधे जीव नको होतो. आपलं ऊन कोरडं, सावलीत बसलं की भागतं. तिथं सावलीत बसून पण शर्ट ओला.

हे दिवस टाळा: गणपती (मुंबईचे चाकरमानी घरी येतात, कोकणच्या रेल्वेत पाय ठेवायला जागा नसते), शिमगा, आणि नाताळ ते १ जानेवारी. त्या आठवड्यात रूमचे रेट ऐकूनच माणूस घरी बसतो.

२. कागदपत्रं (ॲडमिशनवाल्यांनी हे दोनदा वाचा)

साडेचारशे-पावणेपाचशे किलोमीटर गेल्यावर एक कागद विसरला म्हणून परत येता येत नाही. ओरिजिनल आणि प्रत्येकाचे निदान तीन झेरॉक्स सेट:

- अलॉटमेंट लेटर, सीईटीचं स्कोअर कार्ड, कॅपच्या फॉर्मची प्रिंट
- दहावी-बारावीचं मार्कमेमो, बारावीची टीसी
- डोमिसाइल आणि नॅशनॅलिटी
- जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन क्रिमिलेअर (ज्याला जे लागू ते), ईडब्ल्यूएसवाल्यांचं ईडब्ल्यूएस सर्टिफिकेट
- उत्पन्नाचा दाखला, स्कॉलरशिपला लागतोच
- मधे वर्ष गेलं असंल तर गॅप सर्टिफिकेट
- आधार (पोरीचं/पोराचं आणि सोबत जाणाऱ्या सगळ्यांचं, लॉजवर प्रत्येकाचं मागतात), पासबुक झेरॉक्स, दहा-बारा फोटो

आमचा घोळ काय झाला ते सांगतो. नॉन क्रिमिलेअरवर कधीपर्यंत व्हॅलिड ते लिहिलेलं असतं, ३१ मार्च अशी तारीख असते. आम्ही फाइलमधे जुनं घेऊन गेलो, नवीन काढलेलं घरी लोखंडी पेटीत. खिडकीवर गेल्यावर कळलं. चूक शंभर टक्के आमचीच. नशीब की आता दाखले डिजिटल सहीचे असतात, चुलत भावानं सेतूवाल्याला उठवून पीडीएफ व्हॉट्सॲपवर मागवली, मी तिथं प्रिंट काढली आणि काम झालं. म्हणून निघायच्या आधी सगळ्या दाखल्यांच्या पीडीएफ मोबाईलमधे, ईमेलवर आणि घरच्या अजून एका माणसाच्या फोनमधे ठेवा.

दुसरी गोष्ट, कागद कापडी पिशवीत नेऊ नका. चेनची प्लास्टिक फाइल घ्या आणि ती परत एका कॅरीबॅगमधे गुंडाळा. लॅमिनेशन मात्र करू नका, व्हेरिफिकेशनला ओरिजिनल कागद हातात घेऊन बघतात, शिक्के मारायचे असतात.

३. सामान

रेनकोट, रबरी चप्पल, दोन जोड जास्तीचे कपडे. पावसाळ्यात तिथं कपडे वाळत नाहीत हे लक्षात घ्या, जीन्स तर तीन दिवस वाळली नाही. मी पहिल्यांदा लग्नातले लेदरचे बूट घालून गेलो होतो, तिसऱ्या दिवशी त्यावर पांढरी बुरशी. मोबाईलला प्लास्टिकचं पाऊच, पॉवर बँक, थोडी कॅश. घाटात गाडी लागणाऱ्यांनी गोळी, ओवा, लिंबू जे चालतं ते.

हॉस्टेलला लेकरू ठेवत असाल तर एक खास सूचना. दहा-दहा किलो ज्वारीचं पीठ, पोतंभर शेंगदाणे असलं देऊ नका. आईनं प्रेमानं दिलं, महिन्याभरात पिठाला जाळी आणि वास. कुरड्या-पापड्या पण सादळतात. चटणी, धपाटे थोडं-थोडं, आणि चांगल्या घट्ट झाकणाच्या डब्यात.

४. जायचं कसं

*एसटीनं किंवा स्वतःच्या गाडीनं.* औसा, तुळजापूर, सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा, रत्नागिरी. लातूरपासून धरा साधारण पावणेपाचशे किलोमीटर. थेट गाडी आहे का ते आधी आपल्या डेपोत विचारा, नसली तर सोलापूर किंवा कोल्हापूरला बदला, कोल्हापूरहून रत्नागिरीला गाड्या चिक्कार. गंमत म्हणजे तिकडं गेल्यावर रत्नागिरी-नागपूर हायवे म्हणालात तर लोक दोन सेकंद बघत राहतात, तिकडं त्याच रोडचं नाव मिऱ्या-नागपूर. मिऱ्या म्हणजे रत्नागिरीचाच समुद्राकाठचा भाग, रोड तिथून सुरू होतो. म्हणजे आपण ज्याला शेवट समजतो ते त्यांचं झिरो किलोमीटर.

माझा सल्ला: एका दमात जाऊ नका. कोल्हापूरला मुक्काम करा, अंबाबाईचं दर्शन घ्या, आणि सकाळी निघा. आंबा घाट दिवसाच उतरा. आम्ही पहिल्यांदा रात्री उतरलो, समोर नुसतं धुकं आणि पाऊस, ड्रायव्हरनं काचेला नाक लावलेलं, आणि माझी आई अखंड रामरक्षा. पावसाळ्यात घाटात दरड येऊ शकते, त्यामुळं निघायच्या दिवशी रस्ता चालू आहे का ते कोल्हापूर स्टँडवर विचारूनच पुढं जा. घाटात मोबाईलला रेंज पण धड नसते, घरी आधीच सांगून ठेवा नाहीतर ते काळजीनं अर्धे.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वाल्यांना अर्धं, ७५ च्या पुढं फुकट. आधार सोबत पाहिजे. डिसेंबरच्या चकरेला आमचे आजोबा, म्हणजे आबा, "नातीला बघायला येतो" म्हणून हट्टानं आले. पंच्याहत्तरीच्या पुढचे. आई अर्ध्यात, आबा फुकट, फुल तिकीट माझं एकट्याचं. आबा पूर्ण बसला ऐकू जाईल असं म्हणाले, "सरकारनं आता समुद्रापतूर फुकट नेलंय, माघारी बी आणंल."

*रेल्वेनं.* मराठवाड्यातून रत्नागिरीला सरळ रेल्वे नाही. पण नांदेड-पनवेल गाडी आहे, परभणी, परळी, लातूर करत पुण्यावरून जाते. रात्रभर झोपून सकाळी पनवेल, आणि तिथून कोकण रेल्वे. पनवेल ते रत्नागिरी पाच-सहा तास. दोन तिकिटं वेगवेगळी काढावी लागतात आणि इथंच लोक फसतात: पहिली गाडी लेट झाली की दुसरी गेली. मधे निदान तीन-चार तासांची फट ठेवा. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं. आणि जून ते ऑक्टोबर कोकण रेल्वेचं पावसाळी टाइमटेबल वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात, मागच्या डिसेंबरचा टाइम बघून जुलैत स्टेशनवर उभं राहू नका.

रत्नागिरीच्या थोडं आधी करबुडे बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. पहिल्यांदा जाताना वाटतं संपला का नाही, संपला का नाही. बाहेर आलं की सामान काढायला लागा.

५. उतरल्यावर

रेल्वे स्टेशन आणि गाव यात चांगलं पाच-सहा किलोमीटरचं अंतर आहे. एकदा मी ॲपवर "स्टेशनजवळ" बघून स्वस्तातली रूम बुक केली, आणि मग दोन दिवस गावात जायला-यायला रिक्षाला जे पैसे गेले त्यात गावातली एसी रूम आली असती. फोटोत खिडकीतून समुद्र होता, प्रत्यक्षात खिडकी उघडली तर शेजारच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी. तेव्हा कॉलेज कुठल्या भागात आहे ते आधी नकाशावर बघा. कॉलेजं एका जागी नाहीत. गोगटे-जोगळेकर, १९४५ पासूनचं, गावात. इंजिनिअरिंगचं एमआयडीसीकडं. मत्स्य महाविद्यालय शिरगावला. (मासळीचं कॉलेज म्हणून हसू नका, आपल्या उदगीरला बी आहे, समुद्र नसला म्हणून काय झालं.) ॲडमिशनसाठी जाताना मारुती मंदिर किंवा स्टँडच्या आसपास रूम घेतली की सगळीकडं जायला सोपं.

एसटीचे स्टँड दोन: मध्यवर्ती आणि रहाटाघर. परतीची गाडी कुठून सुटणार ते आदल्या दिवशीच जाऊन विचारा, आम्ही एका स्टँडवर निवांत चहा पीत होतो आणि गाडी दुसऱ्यावरून हललेली. रिक्षात बसायच्या आधी भाडं ठरवून घ्या. गाव चढ-उताराचं आहे, नकाशावर "चालत दहा मिनिटं" दिसलं तरी म्हाताऱ्या माणसाला घेऊन चालू नका. गावातल्या गावात एसटीच्याच सिटी बस आहेत, मला त्या आवडल्या.

लोक मदत करतात पण आपल्यासारखं गळ्यात पडून नाही. आपण कुणालाही "ओ मामा" म्हणून हाक मारतो, जिल्हा-तालुका-पाहुणे सगळं विचारतो. तिथं मोजकं उत्तर मिळतं, पण बरोबर मिळतं. आपल्याला "घाटावरचे का?" असं विचारतात, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

६. गाव बघायला एक दिवस

सकाळी रत्नदुर्ग. भगवती किल्ला पण म्हणतात, आत भगवती देवीचं देऊळ आहे. तीन बाजूंनी समुद्र, एका बाजूला दीपगृह, आणि तटावरून खाली मिरकरवाडा बंदर दिसतं, त्यातल्या होड्या वरून पाहिल्या की बैलपोळ्याला वेशीत बैलं उभी केल्यासारख्या रंगीबेरंगी. ऊन चढायच्या आत जा.

मग थिबा पॅलेस. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा, १८८५ ला इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं, पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीला आणून ठेवलं आणि मरेपर्यंत, म्हणजे १९१६ पर्यंत तो इथंच. हा वाडा तयार झाला १९१०-११ च्या सुमाराला, म्हणजे तीस वर्षांच्या कैदेतली शेवटची पाच-सहा वर्षंच तो या वाड्यात राहिला. आता डोकं लावा: मंडाले ही थिबाची राजधानी, तर मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदेत आणि त्याच काळात रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या तुरुंगात, १९०८ ते १९१४. इंग्रजांनी माणसांची नुसती अदलाबदल केली. मला शाळेत दोन्ही गोष्टी शिकवल्या होत्या पण त्या एकमेकांना जोडून कुणी सांगितल्या नाहीत, ते त्या वाड्याच्या व्हरांड्यात उभं राहिल्यावर डोक्यात आलं. आत संग्रहालय आहे. सोमवार टाळा, सरकारी संग्रहालयं बहुतेक सोमवारी बंद असतात. वाड्याजवळच थिबा पॉइंट, तिथून भाट्याची खाडी दिसते.

टिळकांचं जन्मघर टिळक आळीत आहे. कौलारू घर, जांभ्या दगडाचं अंगण, शांत. जवळच पतितपावन मंदिर, १९३१ चं. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते तेव्हा भागोजीशेठ कीरांच्या पैशातून हे बांधलं, सगळ्या जातींना आत जाता यावं म्हणून. आबा तिथं बराच वेळ बसले. त्यांच्या लहानपणी गावच्या देवळात कोण कुठपर्यंत जायचं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं, ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

लेकरं सोबत असली तर झाडगावचं मत्स्यालय दाखवा, देवमाशाचा सांगाडा बघून आमची भाची अजून झोपेत बडबडते. संध्याकाळी मांडवी. इथली वाळू काळी. धक्क्यावर बसायचं, भेळ खायची, सूर्य समुद्रात जाताना बघायचं.

७. समुद्र: हा भाग उडवून वाचू नका

आपण विहिरीत, तळ्यात पोहणारी माणसं. आपल्याला वाटतं पोहता येतं म्हणजे झालं. नाही. विहिरीचं पाणी जागेवर असतं, समुद्र ओढतो. गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तरी लाट परत जाताना पायाखालची वाळू काढून नेते आणि माणूस तोल जाऊन पडतो. गणपतीपुळ्याला दरवर्षी माणसं बुडतात, बहुतेक बाहेरगावची. जून ते सप्टेंबर पाण्यात पाऊल टाकू नका, लाल बावटा असो नसो. दारू पिऊन तर कधीच नाही. स्थानिक माणूस "जाऊ नका" म्हणाला तर वाद घालू नका, त्याला त्यातून काही मिळत नसतं.

भरती-ओहोटी कशी ओळखायची हे मला भाट्याच्या किनाऱ्यावर कळलं. आम्ही दुपारी गेलो, पाणी लांब गेलेलं, वाळू ही एवढी मोकळी. आबा म्हणाले, "आटलाय का काय?" शहाळंवाला हसला आणि म्हणाला, "आजोबा, आज तिथी कुठली?" आबांचा उपास होता, त्यांना बरोबर माहिती, एकादशी. तो म्हणाला, तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पुरी.

आबांनी शाळेत पावकी-निमकी-पाऊणकी, म्हणजे पाव-अर्धा-पाऊणचे पाढे, पाठ केलेली. मी मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत त्यांनी उत्तर दिलं, "अकरा पाऊणे सव्वाआठ." म्हणजे सकाळी सव्वाआठच्या आसपास भरती पुरी झाली, तिथून सहा तासांनी, सव्वादोनला ओहोटी पुरी, आणि रात्री साडेआठच्या सुमाराला परत भरती. घड्याळात बघितलं, दोन वाजून गेले होते. आबा एकदम खूश, साठ-सत्तर वर्षांनी पाऊणकी कामाला आली.

हिशोब अंदाजाचा आहे, अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, पण फिरायला जाणाऱ्याला पुरतो. भरती रोज साधारण पाऊण-एक तास पुढं सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी जास्त वर येतं आणि जास्त खाली जातं. अष्टमीच्या सुमाराला भांग, त्यात चढ-उतार कमी. आपल्या घरात भिंतीवर कॅलेंडर असतंच, निघायच्या आधी तिथी बघा आणि किनाऱ्यावरचा प्लॅन तसा लावा. ओहोटी लागलेली असताना पाण्यात आत जाणं जास्त धोक्याचं, पाणी बाहेर चाललेलं असतं. खडकावर फोटो काढायला जाल तर भरतीची वेळ आधी बघा, जायची वाट पंधरा-वीस मिनिटांत पाण्याखाली जाते.

आबा शेवटी धोतर वर खोचून घोट्यापर्यंत गेलेच. ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं, थुंकलं आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "खरंच खारट हाय की रं." ऐंशीच्या घरातल्या माणसानं आयुष्यभर ऐकलेली गोष्ट त्या दिवशी तपासून घेतली.

८. गणपतीपुळे किंवा पावस

दोन्ही एका दिवसात कोंबू नका, एक उत्तरेला एक दक्षिणेला.

गणपतीपुळ्याला हायवेनं न जाता आरे-वारेच्या किनाऱ्याच्या रस्त्यानं जा. साधारण पंचवीस किलोमीटर. चढावरून एका वळणावर एकदम दोन्ही किनारे आणि सुरूचं बन दिसतं, तिथं प्रत्येक गाडी थांबते, तुम्हीही थांबाल. बससाठी आधी चौकशी करा, सगळ्या गाड्या या रस्त्यानं जात नाहीत. गणपती स्वयंभू, मागची टेकडी हाच देव मानतात म्हणून प्रदक्षिणा पूर्ण टेकडीला, साधारण एक किलोमीटर, फरशीची वाट आहे, म्हाताऱ्यांना जमते. संकष्टीला गर्दी तुफान, अंगारकीला तर विचारूच नका. आता पाऊणपटीचा हिशोब लावा: चतुर्थी, चार पाऊणे तीन, म्हणजे संकष्टीच्या दुपारी तीनला भरती पुरी, गर्दी जास्त आणि वाळू कमी. राहायचं असंल तर देवस्थानचं भक्तनिवास आहे, एमटीडीसीचं पण आहे, सुट्टीत आधी बुकिंग लागतं. तिथून एक-दीड किलोमीटरवर मालगुंड, कवी केशवसुतांचं जन्मगाव, स्मारक छान ठेवलंय.

पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधी. भाट्याच्या पुलावरून जायचं, वीसेक किलोमीटर. माळकरी घरातल्यांना पुळ्यापेक्षा पावस जास्त भावतं असा माझा अनुभव, आबा आणि आईला तर तिथून उठवावं लागलं.

९. खाणं

शाकाहारींनी घाबरू नका. उकडीचे मोदक, आंबोळ्या, घावणे, काळ्या वाटाण्याची आमटी, तांदळाची भाकरी सगळं मिळतं. ज्वारीची भाकरी सहजासहजी नाही मिळत, तेवढं एक आईचं खरं ठरलं. सगळ्यात खोबरं. तिखट आपल्या जिभेला कमी लागतं, शेंगदाण्याची चटणी बॅगेत ठेवा.

मासे खाणाऱ्यांसाठी: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. जुलैत "ताजा पापलेट" म्हणून जे पुढं येतं ते कधीचं ते तुम्हीच ठरवा. मी पहिल्या चकरेत हौसेनं महागाची सुरमई थाळी घेतली आणि चव अशी की मासा आवडत नाही असंच ठरवून टाकलं. डिसेंबरमधे स्टँडजवळच्या एका साध्या खानावळीत बांगडा खाल्ला, स्वस्तातला, आणि मत बदललं. सुरुवात बांगड्यानं किंवा सुरमईच्या तुकडीनं करा. मांदेली कुरकुरीत असते, काट्याचं टेन्शन नाही. शेवटी सोलकढी, ती भातावर ओतायची का प्यायची यावर भांडू नका, दोन्ही चालतं.

आणि शाकाहारी माणूस सोबत असंल तर आधीच विचारा की स्वयंपाक वेगळा होतो का. पाटीवर "व्हेज-नॉनव्हेज" असतं, भांडं एकच.

१०. परतताना

आंबा फक्त मार्चअखेर ते मे. ऑगस्टमधे कुणी रत्नागिरी हापूस म्हणून विकत असंल तर पुढं चला. सीझनमधे सुद्धा हायवेवर पेटीत वर हापूस आणि खाली दुसरंच, किंवा कर्नाटकी आंबा रत्नागिरीच्या नावानं, हे चालतं. ओळखीच्या बागवाल्याकडून किंवा पेटी पूर्ण उघडून बघूनच घ्या. (आपल्या मराठवाड्याच्या केशरलाही जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेलं आहे, तिथं ऐटीत सांगायला हरकत नाही.) बारमाही न्यायचं असंल तर आमसूल, कोकम आगळ, काजू, आंबापोळी, फणसपोळी. आगळाची बाटली कपड्यात गुंडाळू नका, झाकण ढिलं झालं तर तो डाग जात नाही, माझा पांढरा शर्ट गेला.

सुकी मासळी घ्यायची असंल तर तीन पिशव्यांत बांधून वर घट्ट डब्यात घाला, आणि तो डबा स्वतःच्या बॅगेत ठेवा. मी सुके बोंबील नुसत्या कॅरीबॅगमधे बांधून आईच्या पिशवीत तळाशी सारले होते, तिला न सांगता. हातखंब्यापासूनच आजूबाजूचे लोक खिडक्या उघडायला लागले. आई बिचारी प्रत्येकाला सांगत होती, बंदराचा वारा अंगाला लागलाय. तुळजापूरला देवीचा अंगारा आणि हळदीकुंकू त्याच पिशवीत ठेवायला तिनं हात घातला आणि पुडी हातात आली. तिथून औशापर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि आबा खिडकीकडं तोंड करून हसत होते.